नवे प्रमुख धर्मगुरू आणि आमचा तक्रारींचा कागद

आमच्या कॅथलिक धर्मग्रामाचे, म्हणजे पॅरिशचे, आधीचे प्रमुख धर्मगुरू बदलून गेले आणि त्यांच्या जागी नवे फादर आले, तेव्हा नव्याची नवलाई संपण्याची वाटही कोणी पाहिली नाही आणि त्यांच्या बदलीसाठी सह्या गोळा होऊ लागल्या. मी पालकीय परिषदेवर, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंना सल्ला देणाऱ्या भाविकांच्या मंडळावर, असल्यामुळे तो कागद माझ्याकडेही आला. रविवारचा चौथा मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) बंद केला, अंत्यविधीच्या मिस्सात मृत व्यक्तीविषयी भाषण करण्यास मनाई केली, प्रवचने रुक्ष असतात, चेहऱ्यावर कधी हसू नसते, गायनवृंदाला न विचारता गीते बदलली, वित्त समितीची बैठक बोलावली नाही, असे सारे एका दमात लिहून शेवटी तातडीने बदलीची मागणी केलेली होती. हसण्याची तक्रार वित्त समितीच्या तक्रारीच्या वर होती, यावरूनच तो कागद कोणत्या मनःस्थितीत लिहिला गेला हे कळत होते. मी सही केली नाही. मात्र कागद पुढे पाठवण्याआधी त्यातील प्रत्येक मुद्दा तपासून पाहू, एवढे मी सर्वांकडून कबूल करून घेतले.

सह्या गोळा करणाऱ्यांची भिस्त कॅनन कायद्यातील, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्यातील, 1741 व्या कलमावर होती. सध्या लागू असलेल्या 1983 च्या संहितेतील या कलमात प्रमुख धर्मगुरूला पदावरून दूर करण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत भाविकांच्या मनातील त्याच्याविषयीचा तिटकारा हेही एक कारण खरोखरच आहे. तथापि तो तिटकारा लवकर ओसरण्यासारखा नसावा, अशी अट तिथेच घातलेली आहे आणि त्याच्या आधीच्या 1740 व्या कलमानुसार त्या धर्मगुरूचे सेवाकार्य अपायकारक किंवा निदान निष्फळ ठरलेले असावे लागते. शिवाय बिशपांनी चौकशी करायची, त्यासाठी ठरलेल्या गटातील दोन प्रमुख धर्मगुरूंशी विचारविनिमय करायचा आणि नंतर संबंधित धर्मगुरूला पंधरा दिवसांत राजीनामा देण्याविषयी पित्याच्या मायेने समजवायचे, असा तो क्रम आहे. येऊन जेमतेम स्थिरावलेल्या माणसाला हे कलम लावायला निघणे मला उतावळेपणाचे वाटले, आणि ते मी बैठकीत स्पष्टपणे बोलून दाखवले. काही जण त्यावरून माझ्यावर रुसले.

लैंगिक गैरवर्तनासारखा किंवा गुन्हा ठरणारा एखादा प्रकार असता, तर अशी छाननी करत बसण्याचा प्रश्नच नव्हता. तो थेट पोलिसांकडे आणि बिशपांकडे न्यावा लागला असता. तसे काही नाही, याची खात्री आम्ही आधी करून घेतली.

मुद्दे तपासू लागल्यावर निम्मा कागद आपोआप गळून पडला. चौथ्या मिस्साचेच पाहा. पूर्वी इथे साहाय्यक धर्मगुरू होते. त्यांची बदली झाल्यावर नवे फादर एकटेच उरले. कॅनन कायद्याच्या 905 व्या कलमानुसार एका धर्मगुरूला सर्वसाधारणपणे दिवसाला एकच मिस्सा अर्पण करता येतो आणि रविवारी, भाविकांची गरज असेल तर, परवानगीने फार तर तीन. म्हणजे चौथा मिस्सा बंद करण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. हे त्यांनी वेदीवरून दोन वाक्यांत सांगितले असते, तर अर्धा राग जागीच निवला असता. त्यांनी दारावर फक्त नवे वेळापत्रक चिकटवले. माझ्या मते त्यांचा खरा दोष हाच होता: निर्णय बरोबर असला तरी त्याचे कारण सांगण्याची त्यांना सवय नव्हती.

अंत्यविधीचा मुद्दा अधिक नाजूक होता, कारण ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला होता त्यांचे मन दुखावले होते. रोमन मिस्सा ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये, 382 व्या परिच्छेदात, अंत्यविधीच्या मिस्सात प्रवचन थोडक्यात असावे आणि त्याचे गुणगौरवाचे भाषण होऊ नये, असे सांगितले आहे. मात्र कम्युनियननंतरची (पवित्र भाकरीच्या प्रसादानंतरची) प्रार्थना झाली की, अंतिम निरोपाच्या विधीआधी कुटुंबातील कोणी आठवणीचे चार शब्द बोलू शकते, अशी सोय अंत्यविधीच्या विधिग्रंथात आहे. मनाई करताना फादरांनी ही सोय कोणाला सांगितलीच नव्हती.

आम्ही तिघे जण त्यांना कार्यालयात भेटलो. तक्रारींचा मूळ कागद सोबत नेला नाही. एका पानावर चारच मुद्दे, प्रत्येकापुढे तारीख आणि काय घडले ते, एवढेच लिहून नेले. “फादर, आम्ही भांडायला आलेलो नाही, विचारायला आलो आहोत,” असे मी म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला, पान दोनदा वाचले आणि अंत्यविधीच्या मुद्द्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. “हे मी सांगायला हवे होते. कुटुंबीयांना बोलू द्या, पण पाच मिनिटांच्या आत, आणि लिहून आणलेले,” एवढेच ते म्हणाले. चौथ्या मिस्साचे कारण पुढच्या रविवारी वेदीवरून सांगण्याचेही त्यांनी मान्य केले. वित्त समितीचा विषय निघाला, तेव्हा मात्र “पाहू या” म्हणून ते उठले.

हा विषय आम्ही सोडला नाही, कारण इथे प्रश्न आवडीनिवडीचा नव्हता. पालकीय परिषदेचे मत केवळ सल्ल्यापुरते असते, हे 536 वे कलम सांगते आणि ते आम्हाला मान्य आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे, असे 537 वे कलम बजावते आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना देण्याविषयी 1287 व्या कलमात म्हटले आहे. आम्ही फादरांना लेखी विनंती केली. उत्तर आले नाही, तेव्हा परिसरातील धर्मग्रामांवर देखरेख ठेवणाऱ्या डीन फादरांना भेटलो आणि त्यांच्या सल्ल्याने बिशपांच्या कार्यालयाला पत्र लिहिले. भाविकांनी आपले मत धर्माधिकाऱ्यांना आदरपूर्वक कळवण्याचा हक्क 212 व्या कलमात आहे, त्याचा पत्राच्या सुरुवातीला उल्लेख केला. फादरांच्या स्वभावाविषयी एक अक्षरही लिहिले नाही. सह्या फक्त परिषदेच्या सदस्यांच्या घेतल्या आणि पत्राची प्रत स्वतः फादरांच्या हाती दिली. पाठीमागून कागाळी केली, असे त्यांना वाटू नये याची ही काळजी होती, आणि पुढे तीच सर्वांत उपयोगी पडली.

बिशपांच्या कार्यालयातून फादरांकडे विचारणा झाली, समितीची बैठक बोलावली गेली आणि नंतर हिशेबाचे पत्रक सूचना फलकावर लागले. त्यात संशयास्पद असे काहीही नव्हते. आधीच्या फादरांच्या काळातल्या नोंदी अपुऱ्या होत्या आणि त्या जुळवण्यात नवे फादर अडकले होते. हेही त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

प्रवचने अजूनही रुक्षच असतात. ज्यांना ती सोसवत नाहीत, ते शेजारच्या धर्मग्रामात मिस्साला जातात. रविवारचे कर्तव्य कोणत्याही कॅथलिक मिस्साला उपस्थित राहिल्याने पूर्ण होते, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. गायनवृंदाचा वाद मात्र मिटलेला नाही. गीते बदलण्याचा अधिकार फादरांना आहे, पण वर्षानुवर्षे गाणाऱ्यांना आदल्या रात्री निरोप धाडणे बरे नव्हे, असे मी त्यांना सांगितले आहे आणि परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो मुद्दा त्यांनी स्वतःच्या हाताने घातला आहे.