हजेरीपटावरची अक्षरे

इंग्लंडमधील शाळांत हजेरी दिवसातून दोनदा घेतली जाते. त्यामुळे शालेय वर्षातील १९० दिवसांची ३८० सत्रे होतात आणि मूल आले नाही, तर त्या सत्रापुढे कारण सांगणारे एक अक्षर पडते : आजारपणासाठी ‘आय’, परवानगीशिवाय सुट्टीवर गेल्यास ‘जी’, कारण अजून कळलेच नसल्यास ‘एन’. दोन वर्षांपासून मी एका प्राथमिक शाळेच्या नियामक मंडळावर पालक-प्रतिनिधी आहे. या अक्षरांपायी मुख्याध्यापिकांची किती ओढाताण होते, हे मला तिथे बसल्यावर समजले.

दहा टक्के किंवा त्याहून अधिक सत्रे बुडवणारे मूल येथे ‘सातत्याने गैरहजर’ मानले जाते. अशा मुलांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये सुमारे ११ टक्के होते. करोनानंतर, २०२१-२२ मध्ये, ते २२ टक्क्यांच्याही वर गेले आणि पुढे काहीसे उतरले तरी पूर्वपदावर आलेले नाही. म्हणून ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक झाले. दहा आठवड्यांत दहा सत्रे, म्हणजे पाच दिवस, विनापरवाना बुडाल्यास प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो आणि तो २१ दिवसांत न भरल्यास १६० पौंड द्यावे लागतात. नोटीस स्थानिक कौन्सिल पाठवते. रजा नाकारण्याचा वाईटपणा मात्र शाळाप्रमुखांच्या वाट्याला येतो. घरच्या लग्नासाठी भारतात जायला मी स्वतः पाच दिवसांची रजा मागितली होती. ती नाकारली गेली, मी रागावले, तरीही आम्ही गेलो आणि परतल्यावर दोघांनी मिळून १६० पौंड भरले. खरे सांगायचे तर ऐन सुट्टीतल्या विमानभाड्यापुढे ही रक्कम किरकोळच होती. ज्याला परवडते त्याला हा दंड अडवत नाही, आणि ज्या घरातले मूल शाळेत येऊच शकत नाही, त्या घराला त्याचा काही उपयोग नाही.

मुख्याध्यापिकांचा खरा वेळ या दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी जातो. रोज सकाळी पोट दुखणारे, गणवेश घालून फाटकापर्यंत येणारे आणि तिथूनच रडत परतणारे मूल आजारी म्हणायचे की हट्टी? मानसिक कारणाने आलेले आजारपणही आजारपणच धरावे आणि उगाच डॉक्टरांचा दाखला मागू नये, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. पण मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेची प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची असते आणि तोवर मुलाला सांभाळण्याचे काम वर्गशिक्षिका, एखादी मदतनीस आणि स्वतः मुख्याध्यापिका यांच्यावरच येऊन पडते.

आमच्या शाळेतील एक मुलगी कित्येक आठवडे घराबाहेर पडत नव्हती. मुख्याध्यापिकांनी तिच्या आईशी अनेकदा बोलून, काही काळापुरते म्हणून, तिला फक्त दुपारच्या जेवणापर्यंत शाळेत बसवायचे ठरवले आणि ती येऊ लागली. मात्र दुपारच्या प्रत्येक सत्रापुढे अर्धवेळ वेळापत्रकाचे ‘सी-टू’ पडते. ते परवानगीचे असले तरी गणती गैरहजेरीतच होते, आणि निम्मी किंवा त्याहून अधिक सत्रे बुडाली की मूल ‘तीव्र गैरहजर’ ठरते. म्हणजे शाळेच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत मोठे यश सरकारी तक्त्यात सर्वांत वाईट रकान्यात जाते आणि शाळांची तपासणी करणाऱ्या ‘ऑफस्टेड’ या सरकारी संस्थेच्या तपासणीत मुख्याध्यापिकांना त्या रकान्याबद्दल उत्तर द्यावे लागते. आकडे चांगले दिसावेत म्हणून अशा मुलीला एकदम पूर्ण दिवस बसवण्याचा मोह किती होत असेल, असे मी त्यांना एकदा विचारले होते. तसे केले तर दुसऱ्या दिवशी ती सकाळीही येणार नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

मंडळापुढे येणाऱ्या तक्त्यात मुलांची नावे नसतात. गेल्या बैठकीत तीव्र गैरहजेरीच्या रकान्यात तीनचा आकडा होता आणि मुख्याध्यापिकांच्या प्रतीत त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहिले होते : एक रोज सकाळी येते.