घाटात स्टेअरिंग मागं येत नाही

‘खडखड आवाज होता तो गेलाय मिस्त्री, त्याचं काही नाही. फक्त घाटात स्टेअरिंग मागं येत नाही,’ मेढ्याचे काका म्हणाले. ‘फक्त’! दुकानाच्या कामासाठी हे गृहस्थ केळघर घाट चढून महाबळेश्वरला सारखे जाऊन-येऊन असतात. नागमोडी वळण संपल्यावर स्टेअरिंग आपसूक सरळ व्हायला हवं, ते यांना दोन्ही हातांनी ओढून सरळ करावं लागत होतं. कुणीतरी सांगितलं होतं, पॉवर स्टेअरिंगची मोटर गेली, अख्खा कॉलम बदला. त्याचा आकडा ऐकून काका आमच्याकडे आले.

गाडी साधी हॅचबॅक. हिची मोटर डॅशबोर्डखाली कॉलमवर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावर बसते. खालचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दातेरी दांडा, निव्वळ यांत्रिक, ना तेल ना पंप. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. हल्लीच्या पोरांची इथेच पंचाईत होते. स्कॅनर गप्प बसला की त्यांच्या लेखी गाडी ठणठणीत. लोखंड लोखंडाला घासतंय, हे त्या डबीला कुठून कळणार?

गाडी यवतेश्वर घाटात नेऊन आणली. डावीकडं पूर्ण वळवून हात सैल सोडला, तर स्टेअरिंग तिथंच! साताऱ्यात येईपर्यंत मला बिघाडाची शंभर ठिकाणं सुचली होती, पण अंदाजानं पार्ट बदलायचे नाहीत हा आमच्या गॅरेजचा नियम. पुढची दोन्ही चाकं उचलली, इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंग हळूहळू फिरवलं. मधोमध एका बोटानं फिरत होतं. तिथून कुठल्याही बाजूला गेलं की जड, शेवटाकडं तर दोन्ही हात लागत होते. शाफ्टचा सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, आखडला असता तर एका फेऱ्यात दोनदा जड-हलकं लागलं असतं. तसं नव्हतं. रॅकला चाकांशी जोडणारे टाय रॉड एंड सोडवले, तरी जडच. म्हणजे चाकाकडचे स्ट्रटचं बेअरिंग आणि बॉल जॉइंट संशयातून सुटले. मग कॉलम आणि रॅक यांच्या मधला शाफ्ट पिनियनवरून, म्हणजे रॅक फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकावरून काढला, आणि वरचं स्टेअरिंग लोण्यासारखं फिरलं. कॉलम निर्दोष. उरला रॅक.

टॉर्च धरून वाकलो आणि कारण दिसलं. पिनियनपाशी एक अ‍ॅडजस्टर असतो; त्यातली स्प्रिंग आतल्या ठोकळ्याला रॅकच्या पाठीवर दाबून ठेवते. त्याच्या लॉकनटचा गंज ताजा उडालेला, पान्याच्या कडा लख्ख उमटलेल्या. कुणीतरी आवळला होता.

गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळं रॅकचे दात मधोमध झिजतात. तिथली ढिलाई खडखडते. अ‍ॅडजस्टर आवळला की मधली ढिलाई जाते, खडखड थांबते, गिऱ्हाईक खूश. पण कडेचे दात झिजलेले नसतात. तिथं तोच दाब जास्त पडतो आणि रॅक आखडतो, म्हणजे नेमका वळणावर. दहा मिनिटांचं काम, शे-दोनशे रुपये, आणि घाटात गाडी दरीकडं तोंड करून. असलं काम करणाऱ्याला मिस्त्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काका मात्र त्याचीच तारीफ करत होते: ‘हाताला गुण होता त्याच्या, एका झटक्यात आवाज घालवला.’

रॅकच्या दुसऱ्या टोकाचा रबरी बूट फाटलेला होता. आत चिखल, आणि रॅकला आधार देणारा प्लास्टिकचा बुश खाल्लेला. मग दुरुस्तीचा विषयच संपला.

रॅक बदलणं ताकदीचं कमी आणि शिस्तीचं जास्त काम आहे. चाकं सरळ करून आधी स्टेअरिंग सीटबेल्टनं बांधून टाकायचं. शाफ्ट सुटल्यावर ते मोकळं गरगर फिरलं, की आतली एअरबॅगची पट्टी तुटते आणि दोन हजारांचं काम दहावर जातं. नवा रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले, बरोब्बर निम्म्यावर आणला, मगच शाफ्ट बसवला. रॅक ज्यावर बसतो ती आडवी चौकट, क्रॉस मेंबर, थोडी खाली घ्यावी लागली. तिचे बोल्ट गंजून असे बसले होते की अर्धी दुपार त्यांनीच खाल्ली. मग चाकांचं अलाइनमेंट, स्कॅनरवरून स्टेअरिंगच्या सेन्सरला सरळ म्हणजे शून्य, आणि पुन्हा यवतेश्वर. हात सोडला, स्टेअरिंग सुळकन मध्यावर आलं.

बिल पाच आकडी झालं. काकांनी घासाघीस केली, ती अपेक्षितच होती. मग म्हणाले, ‘जुना रॅक डिकीत टाका. एक जण दीड हजार देतोय.’

‘कशाला पाहिजे त्याला?’

‘आवळून, रंग मारून विकतो म्हणे.’

मी समजावलं. मधे झिजलेले दात कुठलाही रंग भरून काढत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागेल. काका शांतपणे म्हणाले, ‘अहो, माल माझा आहे ना?’ होता. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाचा, हे मीच भिंतीवर लिहून ठेवलंय. रॅक त्यांच्या डिकीत गेला.

आमचा पोरगा तेव्हापासून भांडतोय. ‘दादा, द्यायच्या आधी दातांवर ग्राइंडर फिरवायचा होता.’ मी म्हणतो, दुसऱ्याच्या मालाला विचारल्याशिवाय हात कसा लावायचा? तो म्हणतो, मग विचारायचं, नाही म्हणाले तर गाडीच घ्यायची नाही. आता बिलावर ‘जुना रॅक पुन्हा बसवू नये’ असं लिहून सही घेतो. पोराला ते पटलेलं नाही. त्याच्या मते, रंग मारणारा बिल वाचत नाही.