आमची वाटचाल : मधूनच बंद पडणाऱ्या गाड्यांचे गॅरेज

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात २००४ साली आम्ही गॅरेज सुरू केले, तेव्हा बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेड अशा इंजिन उघडून करायच्या कामातले निष्णात कारागीर आमच्या हाकेच्या अंतरावर होते. त्या कामात आमची वेगळी गरज कोणाला नव्हती. मात्र आठवडाभर उत्तम चालून एखाद्या दिवशी भर घाटात बंद पडणारी जुनी इंजेक्शनची (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी) गाडी कोणीही आनंदाने दाखल करून घेत नसे, कारण गॅरेजात आणली की तिच्यात काहीच सापडत नाही. अशा गाड्या आपण घ्यायच्या, असे आम्ही ठरवले आणि पुढे तेच आमचे मुख्य काम झाले.

या कामाची रीत आम्हाला एका गाडीने घालून दिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरची ती पेट्रोल गाडी रत्नागिरीला जाताना आंबा घाटात बंद पडे, अर्ध्या तासाने आपोआप चालू होई आणि मग काही दिवस तक्रार नसे. प्लग, कॉइल आणि पेट्रोल पंप आधीच बदलून झाले होते. गाडीचे मालक निवृत्त शिक्षक होते. त्यांना आम्ही पार्टविषयी काही न विचारता बंद पडण्याच्या वेळेविषयी विचारले : ऊन होते का, टाकीत पेट्रोल किती होते, एसी चालू होता का, गाडी वेगात असताना आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आला की हळूहळू उतरला? काटा हळूहळू उतरत होता, हे त्यांनी नेमके सांगितले. गिअरमध्ये धावणाऱ्या गाडीत काटा एका क्षणात पडला, तर संशय क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे टिपणारा सेन्सर) किंवा इग्निशनच्या करंटवर जातो. तो हळूहळू उतरला, तर बहुधा पेट्रोलचा पुरवठा तुटलेला असतो.

पंपाच्या वायरला समांतर जोडलेला छोटा टेस्ट लॅम्प आम्ही डॅशबोर्डवर ठेवला आणि गाडी उन्हात काचा बंद करून उभी केल्यानंतर रस्त्यावर काढली. इंजिनाने झटके खाल्ले त्याच वेळी दिवा विझला. डॅशबोर्डखालच्या रिलेपर्यंत (पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचपर्यंत) करंट येत होता, त्याचे अर्थिंग चांगले होते, ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, हुकूमही मिळत होता, पण रिलेतून पंपाकडे काहीच जात नव्हते. रिले उघडून भिंगाखाली धरला, तेव्हा एका पिनेभोवतीच्या सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसली. उष्णतेने ती फाके आणि गार झाल्यावर पुन्हा जुळे. तो जोड तात्पुरता सोल्डर करून गाडी पुन्हा तशाच उन्हात तापवली, दिवा विझत नाही याची खात्री केली आणि मगच नवा रिले बसवला.

दोष प्रत्यक्ष पकडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, हा नियम तेव्हापासून आम्ही मोडलेला नाही. त्यासाठी तपासणीचे शुल्क वेगळे लावावे लागले आणि सुरुवातीला ते ग्राहकांच्या गळी उतरवणे कठीण गेले, कारण बिलात पार्ट दिसला की पैसे कशाचे ते कळते, शोधण्याच्या श्रमांचे मात्र तसे नसते. आम्ही बिलासोबत काय तपासले, कोणते माप आले आणि कशावरचा संशय दूर झाला, हे मराठीत लिहून देऊ लागलो. हा कागद हाती पडू लागल्यावर तक्रारी कमी झाल्या, आणि ग्राहक तो पुढच्या वेळी स्वतःहून घेऊन येऊ लागले.

आपल्याकडे ऑन-बोर्ड निदान व्यवस्था, म्हणजे गाडीने स्वतःचा दोष ओळखून त्याचा कोड नोंदवण्याची सोय, २०१० पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत तपासणीचे यंत्र जोडायचा कपलर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, काहींत चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजून कोड वाचावा लागतो, आणि रिलेतल्या चिरेसारख्या दोषाचा कोड नोंदला जाईलच असे नाही. म्हणून ऑसिलोस्कोप (विजेच्या संकेताचा आलेख दाखवणारे यंत्र) घेतल्यावरही मल्टिमीटर आमच्या हातून सुटलेला नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत व्होल्टेजची घट अर्ध्या व्होल्टच्या वर गेली, तर आम्ही सेन्सरकडे वळण्याआधी अर्थिंगची पट्टी उघडून घासतो. आयटीआय करून येणाऱ्या मुलांना आमच्याकडे सर्वप्रथम हीच चाचणी शिकवली जाते, आणि मीटरचे आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदवहीत लिहायचे असतात.