चाळिशीतला ओव्हेच्किन आणि मोठीमायची ओटी

६ नोव्हेंबर २०२५. सकाळी मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावराच्या धुऱ्यावर उभा होतो. मोबाईलला नेटवर्कची एकच कांडी. कशीबशी बातमी उघडली: एनएचएल या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमधला अलेक्झांडर ओव्हेच्किनचा ९०० वा गोल. मी एवढ्या जोरात ओरडलो की पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून, चार डोकी वर आली.

"काय झालं रे बावा? पोरगं झालं काय कोनाले?" मोठीमायनं, म्हणजे माझ्या मोठ्या काकूनं, विचारलं.

आता पऱ्हाटीत उभ्या असलेल्या बाईला बर्फावरचं हॉकी कसं समजवायचं? कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात मला सात वर्षं झाली. तिकडं मी मसुरीच्या कारखान्यात काम करतो. आपल्याकडं येणारी कॅनडाची मसूर बहुतेक याच प्रांतातली, त्यामुळं मी निघालो तेव्हा आबा म्हणाले होते, "म्हणजे थ्यायची दाळ निवडाले चालला." उणे तीसच्या थंडीत तिथल्या छोट्या गावात जायला जागा एकच, बर्फाचं मैदान असलेला हॉल. पहिल्या हिवाळ्यात मी तिथं गेलो तो फक्त माणसं दिसावीत म्हणून. काळी रबरी चकती, तिला पक म्हणतात, ती मला चार सामने दिसलीच नाही. लोक ओरडले की मीही ओरडायचो.

मोठीमायला मी सांगितलं की हा गडी बर्फावर घसरत जाऊन गोल मारतो आणि आता चाळीस वर्षांचा आहे. तिनं दोन बोंडं मोकळी केली आणि म्हणाली, "मंग? मी बासष्टची हावो."

मुद्दा तिथंच होता. पण तो माझ्या ध्यानात यायला संध्याकाळ व्हावी लागली.

बर्फावरचं हॉकी हा तरण्यांचा खेळ. पंचेचाळीस सेकंद, फार तर मिनिटभर जीव तोडून पळायचं, की लगेच बाकावर बसायचं आणि दुसऱ्यानं उतरायचं. अंगावर धडका. गोल मारणाऱ्यांची भरात असण्याची वर्षं म्हणजे साधारण पंचविशीच्या आसपासची. तिशीनंतर उतार लागतो आणि पस्तिशीनंतर बहुतेकांची नावंच यादीतून जातात. वेन ग्रेट्झ्की हा या खेळातला देव. त्यानं १९८१-८२ च्या हंगामात ९२ गोल मारले तेव्हा तो २१ वर्षांचा होता. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. पण तिशी ओलांडली तशी त्याची पाठ कुरकुरायला लागली. १९९०-९१ मध्ये ४१ गोल झाले, आणि त्यानंतर आठ हंगाम खेळूनही चाळिशी एकदाही गाठली नाही. शेवटच्या हंगामात, ३८ व्या वर्षी, नऊ. देवाचेही नऊच.

ग्रेट्झ्कीच्या एकूण ८९४ गोलांना कुणी हात लावणार नाही असं तिकडची म्हातारी मंडळी छातीठोक सांगायची. ६ एप्रिल २०२५ ला ओव्हेच्किननं ८९५ वा मारला. त्याच हंगामात त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं, सोळा सामने बाहेर बसला होता. तरी ६५ सामन्यांत ४४ गोल, ३९ व्या वर्षी! आदल्या वर्षी ३१ वर आला होता तेव्हा सगळे म्हणत होते, संपला. मीही म्हणत होतो, खोटं कशाला बोलू.

तर त्या दिवशी कापूस वेचायला मीही ओटी बांधली. पोस्टसाठी एखादा फोटो होईल, हा खरा हेतू. मोठीमायनं बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून दिल्या, कारण वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी घुसतात. मग ती शेजारच्या तासाला, म्हणजे ओळीला, लागली आणि मी माझं काम सोडून तिचे हातच पाहत राहिलो. ती पाय हलवतच नव्हती. एका जागी उभी राहून डावा हात एका झाडाला, उजवा दुसऱ्याला. तीन बोटं बोंडात घालून एकच ओढ, चारी पाकळ्यांचा कापूस एकदम हातात, पत्तीचा, म्हणजे वाळल्या पानाचा, कण नाही. मूठ भरेपर्यंत हात ओटीकडं जायचाच नाही. मी मात्र दर बोंडाला ओटीत हात घालत होतो, म्हणजे निम्मा वेळ हात नुसता ये-जा करत होता. शेजारची चोवीस-पंचवीस वर्षांची सूनबाई सरसर पुढं गेली. मोठीमाय मागं होती, पण तिच्या तासात मागं एक बोंड राहिलेलं दिसेना.

ओव्हेच्किन हेच करतो. प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू चुकला की त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि तेवढा वेळ पाच विरुद्ध चार असा खेळ होतो. याला पॉवर प्ले म्हणतात. ओव्हेच्किन तेव्हा गोलच्या डाव्या बाजूच्या वर्तुळात जाऊन उभा राहतो. पळत नाही. तिथं पास येणार हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत असतं, गोलकीपरलाही. पास येतो आणि तो चकती न थांबवता तशीच हाणतो. पॉवर प्लेमधल्या गोलांचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे. ग्रेट्झ्कीचा विक्रम मोडणारा गोलसुद्धा पॉवर प्लेमधलाच, त्याच वर्तुळातून. बाविसाव्या वर्षी ओव्हेच्किननं ६५ मारले होते तेव्हा तो माणसांवरून, माणसांमधून घुसायचा. ते पाय गेले. छत्तिसाव्या वर्षीही ५० झाले ते मनगटाच्या आणि त्या जागेच्या जोरावर. पाय आधी म्हातारे होतात, मनगट मागून.

तिकडच्या माझ्या फोरमनचा यावर एक आक्षेप असतो. तो म्हणतो, म्हातारे गोल मारतात असं आपल्याला वाटतं कारण जे मारू शकतात तेच मैदानात उरलेले असतात. बाकीचे कधीच घरी गेले. माइक बॉसीचं उदाहरण तो हटकून देतो. सलग नऊ हंगाम पन्नास किंवा जास्त गोल, दहाव्या हंगामात पाठ इतकी दुखायची की ३८ वर थांबला आणि तिशीतच खेळ सुटला. बॉसीची पाठ धड असती तर पस्तिसाव्या वर्षी त्यानं किती मारले असते, हे कुठल्या तक्त्यात लिहिणार?

हे आठवलं तेव्हा दुपारची शिदोरी सोडली होती. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. माझी माय डबा घेऊन आली होती. मायची पाठ पंचेचाळिसाव्या वर्षी गेली. पूर्वी गावात वेचणीला या दोघी जावा पहिल्या असायच्या आणि त्यातही मायचं वजन मोठीमायपेक्षा जास्त भरायचं. सीतादहीला, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीच्या पूजेला, पहिला कापूस वेचायचा मान तिचाच असे. आता ती वाकू शकत नाही. "मोठीबाईचा हात अजून चालते," एवढंच बोलली आणि माझ्या ओटीतली पत्ती वेचून काढत बसली.

जेवताना मी गॉर्डी हाउ या जुन्या हॉकीपटूची गोष्ट सांगितली, कारण तो आमच्या तिकडचा. सस्कॅटूनजवळच्या फ्लोरल नावाच्या वस्तीत १९२८ साली शेतावरच्या घरात जन्मला. घरात नऊ भावंडं, मंदीचे दिवस. शेजारणीनं विकलेल्या जुन्या सामानाच्या गोणीत स्केट्स निघाले, तिथून त्याचा खेळ सुरू झाला. तरुणपणी एका हंगामात त्याचे जास्तीत जास्त ४९ गोल झाले होते. १९६८-६९ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ४४. त्या सुमारास लीगमधले संघ सहाचे बारा झाले होते, म्हणजे समोरची फळी थोडी पातळ झाली होती, सामनेही वाढले होते, हे सांगायला हवं. तरीही! पुढं मनगटाच्या संधिवातानं निवृत्त झाला, दोन वर्षांनी परत आला, आणि १९७९-८० मध्ये आपल्या दोन पोरांसोबत एकाच संघातून पूर्ण ८० सामने खेळला. त्या हंगामात १५ गोल, आणि वय ५२ ला टेकलेलं.

"पोरायसंगं?" मोठीमाय थांबली. "माह्या पोरगा त वावरात पायही नाही टाकत." तिचा पोरगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, यवतमाळला मोबाईलच्या दुकानात आहे. विषय तिनंच बदलला.

संध्याकाळी धुऱ्यावरच्या निंबाला ताणकाटा टांगला. सूनबाईचे ४४ किलो भरले. मोठीमायचे ३७. तरुणपणी ती पन्नासच्या वर जायची, हे आबांनी न विचारता सांगितलं. माझे साडेआठ, त्यातही मायनं काढलेली पत्ती बाजूला. सगळे हसले. मोठीमाय हसली नाही. सूनबाईच्या गाठोड्यात हात घालून तिनं मूठभर कापूस वर काढला, उजेडाकडं धरला आणि नुसतं "पत्ती हाये," म्हणाली. सूनबाईनं मान खाली घातली.

परतताना खासरात बसल्यावर मी दाखवलं की त्या ९०० व्या गोलनंतर समोरच्या गोलकीपरनं चकती गुपचूप आपल्या कपड्यात खोचून ठेवली होती आणि पंचांनी ती त्याच्याकडून काढून घेतली. मोठीमायला यात नवल वाटलं नाही. काट्यावर असले प्रकार तिनं पुष्कळ पाहिले आहेत.

"अन् थ्याले भेटते किती?" तिनं विचारलं.

करारानुसार वर्षाला सरासरी ९५ लाख डॉलर. गेल्या हंगामातल्या ४४ गोलांनी भागलं तर एका गोलामागे दोन लाखांहून जास्त डॉलर. मी रुपये करून सांगितले, पावणेदोन कोटींच्या वर. एका गोलाचे. वेचणीचा दर आमच्याकडं यंदा किलोला दहा रुपये.

ती बराच वेळ गप्प होती. बैल ओढ्यात उतरले, खासर हिंदकळलं, तिनं एका हातानं गाठोडं आवरलं.

"मंग थ्याले म्हना," ती म्हणाली, "गुडघे टिकतात तवर सोडू नको."