रसवंतीवर समजलेला ओमेगा

परवा दुपारी भाच्याला क्लासवरून आणायला गेले तर गंगापूर रोडला ऊन एवढं कडक की गाडी आपोआप रसवंतीकडे वळली. हा बारावीला, सीईटी डोक्यावर, आणि मागे बसून एकच रडगाणं, मावशी मला रोटेशनल मोशन (गोल फिरण्याचं गणित) कळतच नाहीये. म्हणे ओमेगा (गोल फिरण्याचा वेग) म्हणजे व्ही (सरळ वेग) भागिले आर (मध्यापासूनचं अंतर), मग आर वाढला की ओमेगा कमी व्हायला पाहिजे ना, मग चाकाच्या कडेचा ओमेगा कमी का नाही? (खरं सांगते, बारावीत मीपण हेच चुकलेले.)

म्हटलं रसाच्या मशीनचं ते मोठं चाक बघ. रसवंतीवाल्या दादांनी मोटर बंद केली की थांबता थांबता आरे दिसायला लागतात. आऱ्याचं आतलं टोक आणि बाहेरचं टोक, दोघांची फेरी एकदमच संपते, म्हणजे ओमेगा एकच. बाहेरच्याला फक्त लांबून जावं लागतं, म्हणून व्ही जास्त.

आता मोटरच्या पुलीवरून मोठ्या चाकावर जाणारा पट्टा बघ. तो घसरत नसेल तर दोन्ही चाकांवर सारख्याच वेगाने पळणार, म्हणजे इथे व्ही सारखा आणि ओमेगा वेगळा. मोटर मिनिटाला 1440 फेरे धर, तिची पुली 3 इंच व्यासाची, मोठं चाक 24 इंच व्यासाचं, म्हणजे चाकाचे फेरे 180. रेडियनमध्ये (एक फेरा म्हणजे साधारण 6.28 रेडियन) मोटर सेकंदाला साधारण 151, चाक 19, आणि पट्टा दोन्हीकडे सेकंदाला 5.7 मीटर. फॉर्म्युला तोच, पण सारखं काय राहतंय ते मशीनकडे बघूनच कळतं, पुस्तकात ते कोणी ओरडून सांगत नाही. आणि फेरे कमी केले की टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो, नाहीतर ती एवढीशी मोटर ऊस काय पिळणार.

मग हा म्हणतो, घुंगरू त्या मोठ्या चाकाला का नाही बांधले, खाली हळू फिरणाऱ्या दात्याच्या चाकालाच का? मी रस प्यायचा थांबवून टिश्यूवर ओमेगा स्क्वेअर आर (गोल फिरताना मध्याकडे लागणारं त्वरण) काढलं, एक फुटावर 108 आलं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ 11 पट! तेवढ्या जोरात आतली गोळी घुंगराच्या बाहेरच्या बाजूला चिकटूनच बसणार, वाजणार कुठून. हळू चाकावर मात्र वर-खाली होताना ती पडत राहते, म्हणून छुमछुम.

दादांना विचारलं तर म्हणाले, वर बांधून पाहिले होते ताई, आवाजच येईना.