पाठीवर बसायचं सातव्या लेव्हलला, उडायचं पंधराव्या

ड्रॅगनवर बसून उडायचंय, तर कोणता क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, घेऊ? आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर कुणी नवीन आलं की हा प्रश्न माझ्याकडेच येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला विचार, कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणारी गोष्ट, पात्रांच्या कितव्या लेव्हलला संपणार आहे. मी हे विचारलं नव्हतं आणि त्यापायी माझे दोन महिने गेले, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री कोथरूडला मैत्रिणीच्या घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ खेळतो. तिचा मोठा भाऊ आमचा डीएम, आम्ही सगळेच त्याला दादा म्हणतो. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ सालच्या प्लेअर्स हँडबुकचे. कॅम्पेन सुरू होताना मी एकच गोष्ट सांगितली होती, मला ड्रॅगनवर बसायचंय. दादा म्हणाला, "बस की. क्लास तू शोध."

शोध फार लांबला नाही. पॅलाडिन या धर्मयोद्ध्याला पाचव्या लेव्हलला वाहन बोलावण्याचा मंत्र मिळतो, पण त्यातून घोडा किंवा तसलाच प्राणी येतो. तेराव्या लेव्हलला त्याचा मोठा मंत्र मिळतो आणि त्यातून ग्रिफन, पेगासस असे उडणारे प्राणी येतात, पण त्या यादीत ड्रॅगन नाही. कॅव्हलियर हा फायटर, म्हणजे लढवय्या, घोडेस्वारीसाठीच केलेला आहे, त्याला वाहनावरून पाडणं अवघड असतं. मात्र वाहन ज्याचं त्याने मिळवायचं. राहिला रेंजरचा, म्हणजे रानात फिरणाऱ्या शिकाऱ्याचा, ड्रेकवॉर्डन. २०२१ साली आलेल्या 'फिझबन्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स' या पुस्तकातला हा सबक्लास, म्हणजे क्लासची एक शाखा. तिसऱ्या लेव्हलला ड्रॅगनचं पिल्लू म्हणावं असा ड्रेक सोबतीला येतो, सातव्या लेव्हलला त्याला पंख फुटतात, तो मोठा होतो आणि पाठीवर बसता येतं. ज्या व्हिडिओत मी हे पाहिलं त्यात एवढंच सांगितलं होतं. मी एवढंच ऐकलं आणि मानवी रेंजर तयार केली. मिनिएचर, म्हणजे टेबलावर पात्र दाखवणारी छोटी मूर्ती, म्हणून दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा घेतला आणि तुळशीबागेतून एक हिरवा प्लास्टिकचा ड्रॅगन आणला.

तिसऱ्या लेव्हलपासून सहाव्यापर्यंत काहीच अडलं नाही. ड्रेक निष्ठेने लढला, दोनदा माझा जीव वाचवला.

सातवी लेव्हल गणपतीच्या आधीच्या शनिवारी मिळाली. समोर दरी होती, पलीकडच्या काठावर शत्रूचे तिरंदाज. मी मावळा ड्रॅगनच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाले, "दादा, आम्ही कड्यावरून झेप घेतो." दादाने पुस्तक उघडलं, बोट ठेवून वाचलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य होतं. स्वार पाठीवर असताना ड्रेकला या वैशिष्ट्यातून मिळालेला उडण्याचा वेग वापरता येत नाही.

पंख आहेत. पाठ आहे. पाठीवर बसायची परवानगीही आहे, पण बसलात की पंख बंद. ही बंदी उठते पंधराव्या लेव्हलला, ड्रेक आणखी मोठा झाल्यावर. मी त्या रात्री झेप घेतली नाही. पूल शोधत आम्ही लांबून गेलो आणि घरी परतताना स्कूटरवर माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य फिरत होतं.

मला राग येण्याचं कारणही सांगते. या खेळात एरवी नियम असा आहे की वाहन तुमच्यापेक्षा निदान एका मापाने मोठं हवं. माणूस मध्यम मापाचा आणि सातव्या लेव्हलचा ड्रेकही मध्यमच. म्हणजे नियमाप्रमाणे बसताच आलं नसतं. त्यासाठी त्याच परिच्छेदात मुद्दाम सूट दिली आहे, तुमच्या खास नात्यामुळे मध्यम किंवा लहान मापाच्या स्वाराला बसता येईल म्हणून. एका वाक्यात नात्याखातर सूट द्यायची आणि लगेच पुढच्या वाक्यात तिचा अर्धा भाग काढून घ्यायचा, हे मला आजही पटत नाही. कारण कळतं. सातव्या लेव्हलला एकजण कायम आकाशात राहून बाण मारत बसला तर डीएमची अर्धी लढाई फुकट जाते. मग सुरुवातीलाच ठळक लिहा की हा सबक्लास पंधराव्या लेव्हलपर्यंत जमिनीवरून चालणाऱ्या स्वाराचा आहे.

आणि हे अंतर आठ लेव्हलचं आहे. अनुभवगुणांच्या हिशेबात सातवी लेव्हल २३ हजारांवर मिळते आणि पंधरावी १ लाख ६५ हजारांवर. बरीच छापील साहसं दहाव्या-अकराव्या लेव्हलच्या आसपास संपतात. मी त्या रात्री पहिल्यांदाच दादाला विचारलं, आपलं कुठे संपणार? तो म्हणाला, "अकरावीला." म्हणजे माझं उडणं आमच्या गोष्टीत येणारच नव्हतं.

मी त्याला सरळ विनंती केली, तेवढं वाक्य आपल्या टेबलापुरतं काढून टाक. "पुढच्या शनिवारी सांगतो," तो म्हणाला. पुढच्या शनिवारी गणपती होते, खेळच झाला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणाला, "अजून विचार करतोय, बाकीच्यांवर अन्याय नको व्हायला." तिसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. त्याचं चुकत नव्हतं, पण दर आठवड्याला जिना चढताना आज तरी उत्तर मिळेल असं वाटायचं आणि उतरताना ते मिळालेलं नसायचं. खेळात माझा ड्रेक रिकाम्या पाठीने वर घिरट्या घालायचा आणि मी खालून त्याच्यामागे धावायचे. तेव्हा मला खरंच वाईट वाटायचं.

या दिवसांत मी काय काय करून पाहिलं ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिली कल्पना होती माणूस सोडून हाफलिंग व्हायचं, लहान मापाची, हलकी. उपयोग नाही. वाक्यात मापाचा उल्लेखच नाही. पाठीवर कुणीही असलं की पंख बंद. दुसरी कल्पना सबक्लासच बदलायची. २०१४च्या पुस्तकातल्या बीस्ट मास्टर या रेंजरच्याच सबक्लासला पाव चॅलेंज रेटिंगपर्यंतचा (प्राणी किती भारी, त्याचा आकडा), मध्यम मापापेक्षा मोठा नसलेला प्राणी सोबतीला मिळतो. त्यात टेरॅनोडॉन हा उडणारा सरपटणारा प्राणी बसतो. तो मध्यम मापाचा, ६० फूट वेगाने उडणारा. हाफलिंग किंवा नोम लहान असल्याने त्यावर नियमाने बसतात आणि उडतात, तेही तिसऱ्या लेव्हलला! हा मार्ग पक्का आहे. फक्त उडणंच हवं असेल तर खुशाल घ्या. मी रात्रभर त्यावर विचार केला. पण सकाळी टेबलावरचा तो हिरवा ड्रॅगन पाहिला आणि नको म्हटलं. तिसऱ्या लेव्हलपासून सोबत असलेल्या जिवाला सोडून उडणाऱ्या सरड्यावर बसायचं माझ्याने झालं नसतं.

इथे मध्येच एक आठवलं, नाहीतर राहून जाईल. ड्रेकवॉर्डन घेताना बोनस ॲक्शनचा, म्हणजे आपल्या पाळीत एकदाच मिळणाऱ्या जादा कृतीचा, हिशेब आधीच करा. ड्रेक स्वतःहून हलतो, पण त्याने चावा घ्यावा असं वाटत असेल तर दर वेळी तुमची बोनस ॲक्शन खर्च होते. हंटर्स मार्क हा रेंजरचा आवडता मंत्रही तीच बोनस ॲक्शन मागतो. पहिले दोन महिने मी दोन्हींची खिचडी केली आणि ड्रेक नुसता अंग चोरत उभा राहायचा. आता लढाईच्या पहिल्या फेरीत मार्क आणि पुढे सगळ्या फेऱ्या ड्रेकच्या.

सुटका झाली ती पुस्तक पुन्हा उघडल्यावर. अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार होता. माझी मावसबहीण आमच्यात विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळते. ती घरी आली होती. मी तिला ते वाक्य रागाने मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, पुन्हा वाच. शेवटचं नीट वाच." मी वाचलं. या वैशिष्ट्यातून मिळालेला उडण्याचा वेग. "मग दुसरीकडून मिळालेला चालेल ना?" तिने विचारलं.

मी किती वेळा ते वाक्य वाचलं असेल, देव जाणे. रागात वाचलं, म्हणून दर वेळी 'उडता येत नाही' एवढंच दिसलं. तिच्याकडे फ्लाय हा तिसऱ्या पातळीचा मंत्र (मंत्राची पातळी वेगळी, पात्राची लेव्हल वेगळी) पाचव्या लेव्हलपासूनच होता. तो ज्या राजी असलेल्या जिवावर टाकाल त्याला दहा मिनिटं ६० फूट उडण्याचा वेग मिळतो. तो ड्रेकवर टाकला तर तो वेग मंत्रातून येतो, सबक्लासच्या वैशिष्ट्यातून नाही. बंदी त्याला लागूच होत नाही. शिवाय ड्रेकचा स्वतःच्या पंखांचा वेग ४० फूट आणि मंत्राचा ६०.

आम्ही दोघींनी दादाला फोन लावला. त्याने फोन चालू असतानाच पुस्तक काढलं, पानं उलटल्याचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणाला, "बरोबर आहे. एक अक्षरही बदलायला लागत नाही." तीन शनिवार जे उत्तर अडलं होतं ते पाच मिनिटांत मिळालं, कारण आता त्याला कुणावर मेहेरबानी करायची नव्हती. डीएमकडे सूट मागायला जाण्याआधी नियमातच वाट आहे का ते पाहा, आणि एकट्याने पाहू नका. दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.

हा मार्ग घेणार असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. फ्लायला एकाग्रता लागते. विझार्डला जखम झाली की तिला कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, सेव्ह (बचावाचा फासा) करावा लागतो आणि तो हुकला की मंत्र संपतो. तुम्ही पाठीवर असेपर्यंत ड्रेकचे स्वतःचे पंखही बंदच, म्हणजे दोघं खाली. दर दहा फुटांमागे सहा बाजूंचा एक फासा इतकी इजा होते. म्हणून विझार्डकडे फेदर फॉल हवाच. तो पहिल्याच पातळीचा आहे, रिॲक्शनने, म्हणजे आपली पाळी नसतानाही झटकन, टाकता येतो आणि पाच जणांना अलगद उतरवतो. तिला ६० फुटांच्या आत ठेवा, तेवढाच त्याचा पल्ला. ड्रेकची पाळी तुमच्या पाळीनंतर लगेच येते, त्यामुळे आधी बाण मारा आणि मग त्याला दूर जाऊ द्या. सातव्या लेव्हलला त्याचे हिट पॉइंट्स, म्हणजे मार सोसायची ताकद, ४० असतात. ते हवेतच संपले तर तो नाहीसा होतो आणि तुम्ही एकटे उरता.

नवीन पुस्तक घेतलेल्यांसाठी एक. २०२४च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये रेंजरचे चार सबक्लास आहेत, त्यांत ड्रेकवॉर्डन नाही. जुन्या पुस्तकातला चालेल का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

दरी आम्हाला परतीच्या वाटेवर पुन्हा लागली. तिरंदाज होतेच. मावसबहिणीने ड्रेकवर मंत्र टाकला आणि दादाने मला विचारलं, "किती उंच?" मी म्हणाले, पन्नास फूट. उंची दाखवायला काही नव्हतं, म्हणून मैत्रिणीच्या आईने स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणून दिला. तो उपडा ठेवला, त्यावर हिरवा ड्रॅगन, ड्रॅगनवर मावळा. तिसऱ्या फेरीत मावसबहिणीला बाण लागला, तिचा सेव्ह हुकला, तिने लगेच फेदर फॉल टाकला आणि आम्ही दोघं दरीच्या पलीकडच्या काठावर पिसासारखे उतरलो. तिथवर पोचेपर्यंत मी चार तिरंदाज पाडले होते.

तो पेला काकूंनी परत घेतला नाही. शनिवारी आम्ही पोचतो तेव्हा फाशांच्या डब्याशेजारी त्यांनी तो आधीच काढून ठेवलेला असतो.