खुर्ची कुणी ठेवली?

बुधवार, रात्री

कुणी ठेवली ते अजून कळलेलं नाही. पहाटेच्या सूर्यनमस्कारांच्या वर्गासाठी कुलूप मी उघडते, दिवा मी लावते, म्हणजे माझ्याआधी मंडपात कुणी आलं असण्याचा प्रश्न नाही. सतरंज्या काढायला मागच्या खोलीत गेले, तेवढ्यात कुणीतरी ती पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. भिंतीशी नाही, दाराशी नाही. खांबाशेजारी, माझ्या जागेवर. तिच्यावर कुणाची शाल नव्हती की पिशवी नव्हती. म्हणजे बसण्यासाठीच.

परवा मी ती मुकाट्याने उचलून बाजूला केली. काल पुन्हा तिथेच. विचारायचं तरी कुणाला? 'ही माझ्यासाठी का?' असं विचारलं आणि कुणी 'हो' म्हणालं, तर त्यावर काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. वर्ग घेणारे सर वर्गणीची वही चाळत बसले होते. एरवी महिनाअखेरीशिवाय ती वही उघडत नाहीत. वर्गातल्या वहिनी नेहमीपेक्षा गोड बोलल्या. आणि नाना? नाना माझ्यापेक्षा केवढे तरी मोठे, साष्टांगात त्यांची छाती जमिनीला लागल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. त्यांना का नाही खुर्ची? पण नानांना सांगणार कोण.

रथसप्तमीमुळेच हे झालं असणार. त्या दिवशी एकशे आठ घालायचे, बारा-बाराची नऊ आवर्तनं. चौथ्या आवर्तनात एकपादप्रसरणातून पाय पुढे घेताना माझा गुडघा अडला आणि मी उठायला खांब धरला. एकदाच. नंतर 'भास्कराय नमः'पर्यंत सगळं नीट झालं, तीर्थ घेतलं, तीळगूळ वाटला. पण खांब धरला ते लोकांनी पाहिलं. पंगतीत आजारी माणसाला न विचारता मऊ भात वाढतात ना, तसं वाटलं मला ती खुर्ची बघून. वाढणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण बाकीचे मसालेभात खात असतात.

आणि कालच सर म्हणाले, थंडीत तुम्हाला पहाटे यायला त्रास होत असेल, किल्ली त्या नव्या मुलीकडे देऊ या का, ती जवळच राहते. मी म्हटलं, बघू. त्यावर आज काही लिहायची इच्छा नाही.

बाबांची आठवण आली. ते साताऱ्याकडच्या औंधच्या शाळेत शिकले, संस्थानाच्या काळात. तिथले राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी शाळांतून नमस्कार सक्तीचे केले होते, स्वतःही रोज घालत, घरातल्या बायकामुलांनाही घालायला लावत. बाबांना त्या सक्तीचा राग असावा, पण सुटले नाहीत त्यांचे नमस्कार शेवटपर्यंत. आम्ही अंथरुणात असायचो आणि बाहेरच्या खोलीतून 'आदित्यस्य नमस्कारान् ये कुर्वन्ति दिने दिने' ऐकू यायचं. पुढे म्हटलंय की असे नमस्कार घालणाऱ्याला हजार जन्मांत दारिद्र्य येत नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, या जन्माचं काय ते आधी बघा. बाबा दहा स्थितींचाच नमस्कार घालत, औंधची पद्धत. आमच्या वर्गात बारा स्थितींचा. नाना आणि सर यांचा त्यावर अजून वाद होतो, साधारण पावसाळ्यात, बाहेर पडता येत नाही तेव्हा.

बाबांसाठी कुणी खुर्ची ठेवली नसती. ते एकटे घालत, त्यांना पाहायला कुणी नव्हतं, हेच बरं होतं की काय? वर्ग नसता तर मी आज इथवर आले नसते, हेही खरंच आहे. आमचे हे गेल्यानंतरच्या त्या हिवाळ्यात वहिनी रोज पहाटे फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या, हाक मारायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. त्यांना थंडीत किती वेळ ताटकळत ठेवायचं म्हणून मी उठायचे. जाऊ दे.

सुनेला फोनवर सांगितलं. चूकच केली. ती पुण्याची, तिच्याकडे उत्तर तयार. आई, योगाचार्य अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत तर खुर्च्याच खुर्च्या असतात, घडीच्या लोखंडी, पाठ काढून टाकलेल्या. खुर्चीवर सर्वांगासन करतात लोक. दोरी, लाकडी ठोकळे, लोड, सगळं त्यांनीच आणलं, आसन माणसाला जमलं पाहिजे म्हणून. मी म्हटलं, त्याच गुरुजींनी बेल्जियमच्या राणीला ऐंशीच्या घरात शीर्षासन शिकवलं होतं. राणीला शीर्षासन आणि मला खुर्ची? ती हसली. मला त्या वेळी हसू आलं नाही, फोन ठेवल्यावर आलं.

गुडघ्यातली गादी झिजलीय हे काही गुपित नाही. एक्स-रे कपाटातच आहे. डॉक्टरांनी मांडी घालू नका म्हटलं, जिने टाळा म्हटलं, नमस्कारांचं मी विचारलंच नाही. तेव्हा खुर्चीचा राग गुडघ्यामुळे नाही. मला विचारलं नाही याचा आहे. नीट 'तुम्ही काही दिवस खुर्चीवर करता का' असं सरांनी म्हटलं असतं तर? खरं सांगायचं तर तेव्हाही रागच आला असता. मग चिठ्ठी लिहून ठेवायला हवी होती का त्यांनी? मला नक्की काय हवं होतं, तेच कळत नाही. बहुतेक एवढंच की कुणाला काही दिसायलाच नको होतं.

तर आज बसले.

ठरवून नाही. सकाळी थंडी फार होती, जरंडेश्वराच्या डोंगराच्या बाजूला नुसतं पांढुरकं झालेलं, फरशी बर्फासारखी. पहिली सहा जमिनीवर घातली, सातव्याला गुडघ्याने 'नाही' म्हटलं, आणि शेजारीच ती होती. आज मी बाजूला केली नव्हती, का ते विचारू नका. बसले आणि बसल्या बसल्या हात वर, कमरेतून वाकून हात पावलांशी, एकेक गुडघा छातीशी, असं करत राहिले. मंत्र मीच म्हणते नेहमी, दर नमस्काराला एक. जमिनीवर 'हिरण्यगर्भाय'पर्यंत येता येता धाप लागते, आज आवाज खणखणीत लागला. नानांनी मान वळवून पाहिलं.

आणि मग मला वर्ग दिसला. इतकी वर्षं मी तिथे जातेय, पण नमस्कारात दिसतं काय? आपली सतरंजी, आपली पावलं, पुढच्याच्या टाचा. खुर्चीवरून सगळं दिसतं. बँकेतले काका पर्वतासनात मोबाईलकडे बघतात, तो सतरंजीच्या कडेला उताणा ठेवलेला असतो. वहिनी भुजंगासन गाळतात, साष्टांगातून सरळ वर. रथसप्तमीचे एकशे आठही त्यांनी असेच घातले असणार आणि हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगितले असणार. ती नवी मुलगी छान करते, पण श्वास उलटा घेते, वर येताना सोडते. एकवीस जूनच्या योगदिनाच्या गर्दीत आलेल्यांपैकी टिकलेली ती एकटीच. त्या दिवशी बॅनर होता, टी-शर्ट होते, आठवड्याने आमची नेहमीची मंडळी उरली आणि ती. तिला कुणी नीट शिकवलेलंच नाही.

पण सर! सरांचे गुडघे वाकतात. हस्तपादासनात, वाकून हात पावलांशी टेकवताना, चांगले दोन-तीन बोटं. जे सर लोणावळ्याच्या योगसंस्थेचं प्रमाणपत्र सांगतात, जे आम्हाला दर सकाळी 'गुडघे ताठ, गुडघे ताठ' म्हणून ओरडतात, त्यांचे स्वतःचे गुडघे वाकतात आणि कुणालाच पत्ता नाही, कारण त्या क्षणी सगळ्यांची डोकी खाली असतात. मला इतकं हसू आलं की 'मरीचये नमः' दोनदा म्हटलं गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. तेरा घातले सगळ्यांनी त्या आवर्तनात.

शवासनात मात्र मी खाली आडवी झाले, खुर्ची सरकवून. ते कुणी खुर्चीवर करायला सांगितलं तर भांडेन.

एक करायला हवं, ती खुर्ची शहाबादी फरशीवर सरकते. वाकताना मागे गेली तर मी पुढे जाईन. उद्या घरातली जुनी मॅट कापून तिच्या पायांखाली घालते. आणि पुढच्या आठवड्यापासून पहिली सहा खाली, उरलेली वर, हे मीच सरांना सांगणार आहे. त्यांनी ठरवलेलं नाही, मी ठरवलेलं आहे, असं त्यांच्या कानावर जायला हवं.

गुडघ्यांचं त्यांना सांगावं का? माणूस हळवा आहे, दोन दिवस वर्गाला येणार नाही. उद्या आधी त्या मुलीचा श्वास सुधारते, ते सोपं आहे. सरांचं रविवारी बघू, वर्गानंतर चहा असतो तेव्हा, नाना घरी गेल्यावर.